प्रजापतीची काळी कडी

जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने सन २०२३ च्या फेब्रुवारीत घेतलेले आणि त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी प्रसिद्ध झालेले प्रजापती ग्रहाचे छायाचित्र प्रथम पाहताना असेच वाटते की, निळसर स्फटिकाच्या गोळ्याभोवती कोणा कसबी सोनाराने रुप्याच्या तारेची कडी एकात एक बसवून ठेवली आहेत. अवघी १२ मिनिटे प्रकाश साठवून आणि दोनच फिल्टर वापरून घेतलेल्या या चित्रात ग्रहाच्या १३ ज्ञात वलयांपैकी ११ वलये उमटली, आणि त्यांतली काही तर इतकी तेजस्वी की, शेजारशेजारची वलये परस्परांत मिसळून एकच जाड कडे असावे असा भास व्हावा. वास्तविक हे रुपे नव्हे. ज्या द्रव्याची ही कडी घडली आहेत ते कोळशासारखे काळे असून, त्याच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशातले शेकड्याला जेमतेम दोनचार हिस्सेच परत फिरतात. परंतु ज्या अवरक्त किरणांत हे चित्र घेतले, ते किरण ग्रहाच्या वातावरणातील मिथेन वायू मोठ्या प्रमाणात शोषून घेतो, त्यामुळे ग्रहाचे स्वतःचे तेज मंदावते, आणि एरवी त्या तेजात लोपणारी ही काळी कडी उजळ होऊन पुढे येतात.

ज्या पिढीने शाळेत ‘कडी असलेला ग्रह म्हणजे शनी, दुसरा नाही’ असे घोकले, त्या पिढीतला मी असल्यामुळे या चित्रावरून माझी नजर लवकर हलत नाही. आमच्या घरच्या पंचांगात हा ग्रह ‘हर्षल’ या नावाने येई आणि मराठी ग्रंथांतून त्याला ‘प्रजापती’ म्हटलेले असे. परंतु या दोहोंपैकी कोणत्याही नावाबरोबर कड्याची कल्पना मनाला शिवत नसे, आणि शिवणार तरी कशी, कारण त्या काळी ती पृथ्वीवरच्या कोणासही ठाऊक नव्हती. ही कडी डोळ्यांना दिसण्याआधी दप्तरी दाखल झाली, आणि प्रकाशात पडलेली तूट हाच त्यांच्या अस्तित्वाचा पहिला दाखला ठरला. तो दाखला कोणी, कोठे आणि कसा नोंदविला, याची हकीकत मला त्या देखण्या चित्राहूनही अधिक मोलाची वाटते.

हा ग्रह शोधणारा विल्यम हर्शल मूळचा हॅनोव्हरचा, पेशाने संगीतकार, आणि इंग्लंडातील बाथ या गावी एका प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवून व शिकवण्या करून चरितार्थ चालविणारा गृहस्थ होता. दुर्बिणींचे आरसे तो घरीच ओती आणि स्वतःच्या हातांनी घासून त्यांना झिलई देई. झिलई देताना मध्येच हात उचलला तर पृष्ठभाग बिघडेल या धास्तीने तो एकदा सलग १६ तास आरशापासून हलला नाही, आणि त्याची बहीण कॅरोलाइन हिने जवळ बसून त्याला घास भरविले, असे तिनेच लिहून ठेवले आहे. अशाच एका घरच्या, सुमारे ६ इंच व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ रोजी रात्री, न्यू किंग स्ट्रीटवरील आपल्या घराच्या मागल्या बागेत उभा असताना, त्याला एक तारा इतर ताऱ्यांसारखा बिंदुमात्र न दिसता तबकडीसारखा पसरट दिसला. त्याने तो धूमकेतू समजून तसे कळविले. पुढे गणितज्ञांनी कक्षा मांडून पाहिली तेव्हा तो शनीच्याही पलीकडचा ग्रह ठरला. हर्शलने त्याला राजा तिसरा जॉर्ज याचे नाव दिले, बोडे या जर्मन ज्योतिर्विदाने युरेनस हे नाव सुचविले आणि सर्वत्र तेच रूढ झाले. राजाचे नाव विस्मृतीत गेले आणि त्या कष्टाळू शोधकाचे नाव मात्र आपल्या पंचांगांत घरोघर पोहोचले, याचे मला मनापासून समाधान वाटते.

हर्शलला या ग्रहाभोवती कडे असल्याची शंकाही आली होती. २२ फेब्रुवारी १७८९ च्या त्याच्या टिपणात तशी नोंद असून सोबत एक लहानशी आकृतीही आहे. परंतु पुढे अधिक वेध घेतल्यावर, शनीसारखे कडे या ग्रहाला नाही असा निर्वाळा त्याने स्वतःच दिला. त्याने खरोखरच काही पाहिले होते काय, यावर अलीकडे बराच वाद झाला आहे. मला स्वतःला ते संभवनीय वाटत नाही. सूर्यापासून सुमारे २८७ कोटी किलोमीटर अंतरावर, जेथे सूर्याचा प्रकाश पोहोचण्यासच २ तास ४० मिनिटे लागतात, तेथली काळ्या द्रव्याची आणि बहुतेक ठिकाणी काही थोड्या किलोमीटर रुंदीची कडी अठराव्या शतकातल्या धातूच्या आरशात उमटावीत, हे मानण्यास मन धजत नाही. तथापि आलेली शंका लिहून ठेवणे आणि ती टिकली नाही तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिणे, हा त्याचा गुण कड्याच्या शोधाहून कमी योग्यतेचा आहे असे मी म्हणणार नाही.

त्यानंतर या बाबतीत जवळजवळ दोन शतके निवांत गेली.

चंद्र अथवा ग्रह एखाद्या ताऱ्यासमोरून जाताना त्याला झाकतो, त्या घटनेला आपल्या ज्योतिषात ‘पिधान’ असा नेमका शब्द आहे. १० मार्च १९७७ रोजी प्रजापती हा तूळ राशीतील एका मंद ताऱ्याचे पिधान करील, असे भाकीत ग्रीनिचच्या वेधशाळेतील गॉर्डन टेलर यांनी सन १९७३ मध्येच वर्तविले होते. हा तारा नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्यांपैकी नसून, त्याची ओळख तारकासूचीतल्या १५८६८७ या अनुक्रमांकाने करावी लागते. अशा पिधानाचा उपयोग असा की, तारा किती वेळ झाकला गेला यावरून ग्रहाचा व्यास काढता येतो, आणि तो कसकसा मावळला व उगवला यावरून ग्रहाच्या वरच्या वातावरणाचा अंदाज बांधता येतो. कड्यांचा शोध हा कोणाच्याच मनसुब्यात नव्हता.

ग्रहाची सावली हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून जाण्याचा संभव असल्यामुळे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स इलियट, एडवर्ड डनहॅम आणि डग्लस मिंक यांनी ऑस्ट्रेलियातील पर्थहून विमानाने प्रयाण केले. हे विमान मुळात लष्करी वाहतुकीच्या बांधणीचे. त्याच्या अंगात ३६ इंची दुर्बीण बसवून त्याची उडती वेधशाळा केलेली होती. पिधानाची वेळ काही मिनिटे मागेपुढे होण्याचा संभव म्हणून त्यांनी यंत्रे पुष्कळ आधी सुरू केली, आणि ही दक्षताच कामी आली. कागदाच्या सरकत्या पट्टीवर लेखणी ताऱ्याच्या तेजाची रेघ ओढीत असता, ग्रह अद्याप दूर असतानाच ती रेघ एकाएकी खाली गेली आणि लगेच पूर्ववत झाली. एखादा ढगाचा तुकडा आड आला असेल, यंत्रात काही बिघाड असेल, असे तर्क झाले. तोच रेघ पुन्हा खाली गेली, आणि मग आणखी तीनदा. पुढे ग्रहाने तारा झाकला, तारा दुसऱ्या बाजूने बाहेर आला, आणि तिकडेही तसेच पाच लचके त्या रेघेला पडले. आरंभी हा लहानलहान उपग्रहांचा थवा असावा असे अनुमान निघाले. परंतु पट्टीच्या दोन्ही बाजूंची ग्रहमध्यापासूनची अंतरे समोरासमोर मांडून ताडून पाहिली तेव्हा चार जोड्या तंतोतंत जुळल्या. पाचवी, सर्वांत बाहेरची, तेवढी जुळेना. ही न जुळणारी जोडीच पुढे सर्वांत उपकारक ठरली, कारण तिच्यामुळे ते बाहेरचे कडे पूर्ण वर्तुळ नसून किंचित लंबवर्तुळ आहे आणि त्याची रुंदी एके ठिकाणी २० किलोमीटर तर दुसरीकडे ९० किलोमीटरांहूनही अधिक आहे, हे उलगडले. या पाच कड्यांना आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा आणि एप्सिलॉन ही ग्रीक अक्षरे मिळाली.

त्याच रात्री, आपल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्र उलटून गेल्यावर, तामिळनाडूतील जवादी डोंगरातल्या कावलूर येथे जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी हे दोन भारतीय ज्योतिर्विद त्याच ताऱ्यावर नजर ठेवून होते. कावलूरची ती १ मीटर व्यासाची दुर्बीण तेथे बसून पाच वर्षेच झाली होती. वेणू बाप्पू यांनी मोठ्या जिद्दीने उभ्या केलेल्या त्या वेधशाळेत ती त्या वेळी सर्वांत मोठी होती. ग्रहाचे बिंब कावलूरहून पाहता ताऱ्याला झाकील की नुसते जवळून जाईल, हेही आधी खात्रीने सांगता येत नव्हते. तरीही माणसे दुर्बिणीपाशी होती आणि यंत्र चालू होते. तेथेही ग्रह दूर असतानाच ताऱ्याचे तेज काही सेकंद घटले. दोघांनी ती घट जशीच्या तशी नोंदवून, प्रजापतीला आजवर अज्ञात असलेला एखादा उपग्रह असावा असा अर्थ लावला, आणि ‘नेचर’ या नियतकालिकात तसा लेख प्रसिद्ध केला. पुढे भट्टाचार्य आणि बाप्पू यांनी त्या रात्रीच्या नोंदीची बारकाईने फेरतपासणी केली, आणि ग्रहाभोवती शनीसारखी वलयसंस्था असल्याचे दुसरे टिपण त्याच वर्षी त्याच नियतकालिकात दिले. नैनितालच्या वेधशाळेतूनही या पिधानाचे वेध घेतले गेले होते.

या घटनेचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो, आणि झालाच तर ‘श्रेय हुकले’ अशा हळहळीच्या सुरात होतो. मला ती हळहळ गैरलागू वाटते. विमानातल्या मंडळींना ग्रहाच्या दोन्ही बाजूंचा पुरावा मिळाला आणि जोड्या जुळविण्याची सोय झाली. कावलूरकरांच्या पदरी आलेल्या पुराव्यात ती सोय तितकी नव्हती. पहिला अर्थ चुकला, पण नोंद चुकली नाही. आणि नोंद निर्दोष होती म्हणूनच काही महिन्यांत तिच्यातून खरा अर्थ काढता आला. पर्थच्या वेधशाळेतील निरीक्षकांनीही आपले लचके स्वतंत्रपणे मोजून त्यांना अंक दिले होते, त्यामुळे एकंदर ९ कडी ठरल्यावर काहींची नावे ग्रीक अक्षरे आणि काहींची ४, ५, ६ असे अंक, ही सरमिसळ आजतागायत तशीच चालत आली आहे.

इतकी अरुंद कडी पसरून विरून का जात नाहीत, हा मोठाच पेच होता. कड्याच्या दोन्ही अंगांना फिरणारे दोन लहान उपग्रह आपल्या आकर्षणाने त्याला आवरून धरीत असावेत, असे उत्तर गोल्डराइक आणि ट्रेमेन या शास्त्रज्ञांनी सन १९७९ मध्ये गणिताने मांडले. कळप भरकटू न देणाऱ्या राखणदाराशी त्यांचे साम्य पाहून अशा उपग्रहांना मेंढपाळ उपग्रह म्हणतात. शोधाच्याच वर्षी, २० ऑगस्ट १९७७ रोजी निघालेले व्हॉयेजर २ हे यान २४ जानेवारी १९८६ रोजी प्रजापतीजवळून गेले, तेव्हा एप्सिलॉन कड्याच्या आतबाहेर कॉर्डेलिया आणि ओफेलिया हे दोन राखणदार खरोखरच सापडले. कड्यांची संख्या ११ झाली. यान ग्रहाच्या पलीकडे जाऊन मागे वळून पाहू लागले, तेव्हा ९६ सेकंदांचे एक चित्र त्याने घेतले. त्यात सूर्यप्रकाश कड्यांतून आरपार येत असल्यामुळे एरवी न दिसणारी बारीक धूळ पट्ट्यापट्ट्यांनी उजळून निघाली आहे, आणि मागचे तारे यानाच्या गतीमुळे आखूड रेघांसारखे ओढले गेले आहेत. मला हे चित्र वेबच्या चित्राहूनही प्रिय आहे. त्यानंतर चारच दिवसांनी चॅलेंजर यानाचा स्फोट होऊन सात माणसे दगावली, आणि त्या शोकात प्रजापतीकडे पाहण्याचे भान फारसे कोणाला राहिले नाही.

सन १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा आरंभी सदोष निघाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन तिची दृष्टी दुरुस्त केली, हे सर्वश्रुत आहे. या दुर्बिणीने सन २००३ ते २००५ या काळात घेतलेल्या दीर्घ प्रकाशग्रहणांतून मार्क शोवॉल्टर आणि जॅक लिसावर या संशोधकांना आणखी दोन फिकट कडी आढळली. ती म्यू आणि न्यू. त्यांतले बाहेरचे म्यू इतके दूर आहे की, त्यामुळे वलयसंस्थेचा ज्ञात व्यास जवळजवळ दुप्पट झाला, आणि मॅब नावाचा एक चिमुकला उपग्रह त्याच कक्षेत फिरत त्याला धूळ पुरवीत असतो. पण याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. कोठे पाहावे हे हबलमुळे कळल्यावर संशोधकांनी व्हॉयेजरची जुनी दप्तरे उघडली, तेव्हा हीच कडी त्या चित्रांतही निघाली. सुमारे वीस वर्षे ती तेथे दाखल होती, वाचणारे कोणी भेटले नव्हते.

सन २००७ मध्ये हा ग्रह विषुवावर आला आणि शोध लागल्यापासून प्रथमच त्याची कडी पृथ्वीवरून कडेने, म्हणजे एका रेषेत दिसली. यापूर्वीचा असा योग सुमारे १९६५ चा, पण तेव्हा कडी आहेत हेच ठाऊक नव्हते. ज्या ग्रहाचा अक्ष ९८ अंश कललेला आहे आणि जो ८४ वर्षांत एक प्रदक्षिणा करतो, त्याच्या बाबतीत असा योग माणसाच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा येतो. वेब दुर्बीण कामाला लागली तोवर हा ग्रह आपला उत्तर ध्रुव सूर्याकडे वळवू लागला होता, म्हणूनच तिच्या चित्रांत कडी जवळजवळ पूर्ण गोल उघडलेली दिसतात. सन २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चित्रात सर्वांत आतले, अतिशय विरळ असे झीटा कडेही उमटले. २ फेब्रुवारी २०२५ रोजी तिने चाळीस चाळीस मिनिटांची दहा चित्रे घेतली, आणि त्यांत अवघ्या १० किलोमीटरांच्या आसपास व्यासाचा एक उपग्रह ग्रहाभोवती सरकताना आढळला. व्हॉयेजर जवळून जाऊनही तो त्याच्या दृष्टीस पडला नव्हता. त्याच्यासह ज्ञात उपग्रह २९ झाले. सन २०३० च्या सुमारास ही कडी आपल्याकडे सर्वाधिक उघडी होतील, मग दर वर्षी थोडीथोडी मिटत जातील, सन २०३३ मध्ये बाथच्या त्या बागेतल्या रात्रीपासूनची ग्रहाची तिसरी प्रदक्षिणा पुरी होईल, आणि २०४९ च्या सुमारास ती सगळी वर्तुळे पुन्हा एका बारीक रेषेवर येतील.