पैठण रोड, मे महिना, सव्वाचार

बिडकीनमधल्या एका विशिष्ट स्टुडिओची ही हकीकत नाही. पत्र्याखाली लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या कुठल्याही दुकानात मेच्या लग्नसराईत असा दिवस उजाडू शकतो.

सकाळी 9. दुकानात 31 अंश. काल रात्रीच्या हळदीचं शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवलं आणि आजच्या लग्नाला कॅमेऱ्याची कार्डं हवीत म्हणून ती फॉरमॅट केली. हळदीची एकमेव प्रत आता हार्डडिस्कवर.

सकाळी 11. रेंडर लावलं. प्रोसेसर 100 टक्के कामाला, तापमान 78. आकडा चांगला आहे; कामाच्या भरात 80-85 पर्यंत काळजी नसते. पण पंखा आणि हीटसिंक मिळून प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. खोलीच्या वर 47 अंशांची भर पडतेय, तर खोली दहाने तापली की प्रोसेसरही साधारण दहाने वर जाणार. बिघाड एकही नसला तरी.

दुपारी 1. मालक लग्नाला गेले. दुकानात 41 अंश. रस्त्याची धूळ नको म्हणून दुकानातल्या पोराने शटर निम्मं ओढून घेतलं. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात, मागे भिंत. बाहेर टाकलेली गरम हवा तेच परत ओढतंय. प्रोसेसर 94.

2.20. प्रोसेसर 100. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा हीच. एएमडीच्या रायझन 7000 मालिकेत बहुतेकांची 95. इथे प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. पोराने मालकांना फोन लावला.

‘दादा, चाळीस मिनिटं दाखवत होतं, आता दीड तास दाखवतंय.’

‘चालू दे. बंद करू नको, संध्याकाळी पेनड्राइव्ह द्यायचाय.’

याच फोनवर दिवस वाचला असता. रेंडर थांबवून कॅबिनेट कप्प्याबाहेर काढायला पाच मिनिटं पुरली असती. सगळे प्रोसेसरचा आकडा बघतात, आणि स्वतःला सांभाळण्यात तरबेज असलेला भाग नेमका तोच: हळू होईल, फारच तापला तर मशीन बंद पाडेल. हार्डडिस्क तशी वेग उतरवून जीव वाचवत नाही. साध्या डेस्कटॉप डिस्कला कंपन्या सहसा 60 अंशांची मर्यादा देतात. 45 च्या आत राहिली तर बरं. इथे ती कॅबिनेटच्या खालच्या खणात, वायरींच्या गुंत्यामागे आहे आणि पुढची जाळी धुळीने बुजलीय. पुढचा पंखा कधी बसवलाच नव्हता.

3.10. पोराने एअर कूलर ओढत आणून कॅबिनेटच्या कप्प्याकडे वळवला. नुसता टेबलफॅन चालला असता. कूलरचे तुषार बोअरच्या जड पाण्याचे. बोर्डावर उडाले की खार धरतो.

3.35. लाइट गेली. कूलर बंद, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालूच. डिस्क 61.

4.15. टक्. टक्. टक्. स्क्रीन गोठली. बंद करून पुन्हा चालू केला, तर बायोसमध्ये डिस्कच दिसेना.

5.30. ‘कामून बंद पडला रे?’ मालकांनी झाकण काढलं. हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा नमदा, प्रोसेसरवरच्या कूलरच्या चारपैकी एक पिन निसटलेली, जुनी पेस्ट वाळून खडू झालेली. प्रोसेसर मात्र ठणठणीत. हळदीवाल्यांचा फोन सहा वाजता येणार होता.