गवताच्या काडीवर पडलेला अदृश्य उजेड

१८०० साली इंग्लंडमधील स्लाव येथे विल्यम हर्शेल सूर्यप्रकाशाच्या रंगांची उष्णता मोजत होते. लोलकातून उमटलेल्या रंगपट्ट्यात त्यांनी तापमापक ठेवले, आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही एक ठेवला. पारा सर्वाधिक चढला तो नेमका तिथे. युरेनस शोधणाऱ्या या ज्योतिर्विदाला जे गवसले, त्यालाच आज आपण अवरक्त किरण म्हणतो. मित्रहो, या धाग्यात हेच किरण गुरांच्या दावणीपर्यंत आणि पुढे जनुक बदललेल्या चाऱ्यापर्यंत कसे पोचले ते पाहू.

आधी चाऱ्याकडे वळू. चाऱ्याची शास्त्रीय पारख १८६०च्या दशकात जर्मनीतील ग्योटिंगेनजवळच्या वेंडे येथे रूढ झाली. हेनेबर्ग आणि स्टोहमान यांची रीत मोठी कठोर होती: चारा वाळवायचा, जाळून राख तोलायची, आम्लात व अल्कलीत उकळून उरलेल्या चोथ्याला तंतू म्हणायचे, आणि नायट्रोजनला ६.२५ने गुणून प्रथिने काढायची. शंभर वर्षे जगाने हेच केले. उकळताना लिग्निनचा, म्हणजे देठाला ताठ ठेवणाऱ्या पदार्थाचा, काही भाग विरघळून निसटतो, ही त्यातली खोट. १९६०च्या दशकात अमेरिकेतील बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात पीटर व्हॅन सूस्ट यांनी डिटर्जंट वापरून ती बरीचशी दूर केली.

तरीही एक प्रश्न उरलाच. घटक ‘किती’ आहे हे कळे. तो ‘कसा बांधलेला’ आहे हे कळत नसे. कोंबडीच्या पिसांत ८० टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात, पण कच्ची पिसे खाऊन गाय पोसत नाही. पचन ठरते ते रेणूच्या घडणीवर.

घडण वाचण्याची किल्ली विल्यम कोब्लेन्ट्झ यांनी १९०५ सालीच तयार ठेवली होती. शंभराहून अधिक संयुगांचे अवरक्त वर्णपट प्रसिद्ध करून त्यांनी दाखवले, की रेणूतील ठरावीक अणुगट ठरावीक किरणच शोषतात. शेतीत हे तंत्र आले ते मात्र वेगळ्या वाटेने. बेल्ट्सव्हिललाच कार्ल नॉरिस नावाचे अभियंते धान्यातील ओलावा मोजत असताना निकट-अवरक्त किरणांकडे वळले, आणि १९७६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह याच किरणांनी चाऱ्याची प्रत ओळखून दाखवली. न जाळता, न उकळता! पण निकट-अवरक्त पटातील खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात. यंत्राला आधी रासायनिक चाचण्यांचे आकडे शिकवावे लागतात. माझ्या मते हा गुरूपुढे कधीच न जाणारा शिष्य आहे. त्याला जुनीच उत्तरे झटपट देता येतात, नवा प्रश्न विचारता येत नाही.

नवा प्रश्न विचारायला भाग पाडले अल्फाल्फाने, म्हणजे आपल्या लसूणघासाने. तणनाशक सोसणारा जनुकबदल अल्फाल्फा अमेरिकेत २००५ साली मोकळा झाला. मधमाश्यांमुळे त्याचे पराग शेजारच्या शेतात जातील या चिंतेने वाद न्यायालयात गेला आणि २००७ साली पेरणी थांबली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली आणि २०११ साली सरकारने पुन्हा पूर्ण परवानगी दिली. हा सारा झगडा शेताच्या बांधावरचा होता. २०१४ साली मंजुरी मिळालेल्या वाणात मात्र खुद्द देठातले लिग्निनच घटवलेले होते. आता बदल थेट घासात होता, आणि तो आत कसा दिसतो हे पाहणे टाळता येणार नव्हते.

कॅनडातील सॅस्काटून येथील प्रयोग इथे महत्त्वाचा ठरतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अल्फाल्फातील टीटी८ आणि एचबी१२ ही जनुके मूक केली होती. ही दोन्ही जनुके इतर अनेक जनुकांना हुकूम देणारी. कारभारीच गप्प केला तर वाड्यात काय काय बदलेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच केवळ अपेक्षित घटक मोजून भागत नाही. दळलेला नमुना एका स्फटिकावर दाबला जातो, किरण स्फटिकाच्या आतून परावर्तित होताना नमुन्याला जेमतेम स्पर्श करतो आणि काही क्षणांत आलेख उमटतो. १६५० आणि १५५० या तरंगांकांच्या आसपास प्रथिने बोलतात, १५१५जवळ लिग्निन, १०००च्या वर कर्बोदकांची दाटी. १६५०च्या शिखराची उकल केली, तर प्रथिनाची घडी मळसूत्री अधिक आहे की पापुद्र्यांची, याचाही अंदाज येतो. मूक केलेल्या आणि मूळ वाणाचे आलेख शेजारी ठेवले, की न शोधलेला फरकही समोर येतो.

आलेखातला फरक म्हणजे दुधातला फरक नव्हे, हेही खरेच. त्यासाठी आजही तोच चारा नायलॉनच्या बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात ठेवतात, काही तासांनी बाहेर काढतात, धुतात, वाळवतात आणि उरलेले तोलतात.