विवेचनात्मक निबंधाचे अध्यापन : एकोणिसाव्या शतकातील मराठी निबंधाच्या आधारे एक विचार

प्रस्तावना

निबंधलेखन हा भाषाशिक्षणाचा अपरिहार्य घटक मानला जातो. वर्णनात्मक, आत्मवृत्तात्मक, कल्पनाप्रधान आणि वैचारिक हे निबंधाचे प्रकार विद्यार्थ्यांना पाठ असतात. असे असूनही पदवीच्या वर्गात एखाद्या घटनेची कारणमीमांसा करावयास सांगितली असता अनेक विद्यार्थी सुभाषिताने प्रारंभ करतात, मार्गदर्शकातील परिच्छेद उतरवून काढतात आणि एखाद्या आशावादी वाक्याने शेवट करतात. विषय सजविला जातो. उलगडला मात्र जात नाही. ही उणीव केवळ मराठी विषयापुरती मर्यादित नाही. इतिहास, अर्थशास्त्र वा विज्ञान यांतील दीर्घोत्तरी प्रश्नही विवेचनाचीच अपेक्षा करतात. मराठीत निबंध प्रथम कोणत्या गरजेतून लिहिला गेला आणि त्यातून आजच्या अध्यापनास काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सभेपुढील निबंध

१८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व तरुण अध्यापक यांच्या पुढाकाराने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन झाली. तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, कार्य मराठीतून चाले. १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग या सभेशी निकट संबंधित होते. सभेत सभासद निबंध वाचीत आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' या मासिकाने अशा लेखनास छापील रूप मिळवून दिले.

येथे निबंध हा परीक्षेतील गुणांसाठी लिहावयाचा मजकूर नव्हता. नवी शास्त्रे, व्यापार, इतिहास, लोकस्थिती अशा विषयांचे ज्ञान ज्यांस नाही त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे त्याचे प्रयोजन होते. नव्या कल्पनांसाठी मराठीत रूढ शब्द नव्हते. त्यामुळे शब्द योजावा, त्याचा अर्थ सांगावा, उदाहरण द्यावे आणि मगच पुढे जावे, हा क्रम लेखकास टाळता येत नव्हता. व्याख्या, उदाहरण आणि क्रम ही विवेचनाची मूलभूत अंगे अशा रीतीने वाचकाच्या गरजेतून मराठी गद्यात रुजली.

एका विद्यार्थिनीचा निबंध

या काळातील सर्वांत महत्त्वाचा विद्यार्थी-निबंध मात्र मुंबईच्या विद्वत्सभेतून आलेला नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला.

या निबंधाकडे सामाजिक दस्तऐवज म्हणून पुष्कळ लक्ष दिले गेले आहे. निबंधरचनेचा नमुना म्हणूनही तो अभ्यासण्याजोगा आहे. वेदांवर केवळ ब्राह्मणांचा अधिकार आहे, हे प्रतिपक्षाचे गृहीतक लेखिका प्रथम स्वीकारते आणि त्यातून निष्पन्न होणारी गोष्ट पुढे मांडते : तसे असेल तर आम्हांस धर्मग्रंथच नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित ठरतो. पेशवाईतील छळाचे दाखले ती त्यानंतर देते आणि अखेरीस विद्येची आवश्यकता प्रतिपादन करते. गृहीतक, निष्कर्ष, पुरावा आणि उपाय असा हा क्रम आहे. दुःखाचे वर्णन त्यात आहेच. पण ते वर्णन युक्तिवादाच्या सेवेत आहे. विवेचन हे प्रौढ विद्वानांचेच काम होय, नवशिक्या विद्यार्थ्याने वर्णनावर समाधान मानावे, ही समजूत या एका उदाहरणानेही टिकत नाही.

शिक्षक-निबंधकारांची परंपरा

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर होता. मालेचे एकूण ८४ अंक निघाले. नोकरी सोडल्यानंतर १८८० मध्ये त्यांनी टिळक आदी सहकाऱ्यांसह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना केली. प्रतिपक्षाचे मत उपस्थित करावयाचे आणि त्याचे एकेक अंग खोडून काढावयाचे, ही त्यांची पद्धती. फुले व लोकहितवादी यांच्यावरील त्यांची टीका अनेकदा उपहासाकडे झुकते. विवेचनाचे सामर्थ्य आणि त्याचा तोल सुटण्याचा धोका, अशा दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना या लेखनात पाहता येतात.

गोपाळ गणेश आगरकर यांच्या बाबतीत अध्यापन व लेखन यांचा संबंध अधिकच स्पष्ट आहे. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' पत्र सुरू केले आणि त्याच वर्षी 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तकही प्रसिद्ध केले. समाजातील रूढींची चिकित्सा करणारा लेखक वाक्याच्या घटकांचीही चिकित्सा करीत होता, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. स्त्रियांच्या पोशाखासारख्या घरगुती विषयावर लिहितानाही चालत आलेल्या रूढीला ते कारण विचारतात. विषय लहान असला तरी प्रश्न नेमका असेल तर निबंध मोठा होतो, हे यावरून दिसते.

'निबंध' या संज्ञेचे स्थित्यंतर

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांच्या लेखनातून लघुनिबंध प्रतिष्ठित झाला. व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार, गप्पांची लय आणि कल्पनेचा विलास ही त्याची वैशिष्ट्ये. मराठी साहित्याची त्यामुळे समृद्धीच झाली. परंतु लालित्य हाच निबंधाचा निकष अध्यापनात मानला गेला की विवेचनाची हानी होते. ललित निबंधात विषयांतर शोभते, विवेचनात ते दोष ठरते. दोहोंस एकच मापदंड लावल्यास विद्यार्थ्याच्या भाषेचा गौरव होतो. त्याच्या विचारातील दुवा कोठे तुटला, हे मात्र त्याला कळतच नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने

वरील आढाव्यावरून काही गोष्टी सूचित होतात. पहिली, 'पाणी' किंवा 'शिक्षण' असा विषय देण्याऐवजी उत्तर मागणारा प्रश्न द्यावा. दुसरी, निबंध परीक्षकाखेरीज आणखी कोणासाठी आहे हे ठरवावे. वर्गापुढे वाचन व त्यावर प्रश्न हा सभेचा परिपाठ आजही अनुसरता येईल. तिसरी, प्रत्येक परिच्छेदाचे प्रतिपादन एका वाक्यात समासात लिहून घ्यावे. ती वाक्ये सलग वाचून युक्तिवाद उभा राहत नसेल, तर दोष भाषेत नसून मांडणीत आहे हे विद्यार्थ्यास स्वतःच उमगते. चौथी, विरोधी मत न्याय्य रीतीने मांडल्याशिवाय त्याचे खंडन मान्य करू नये. तपासणीतही शुद्धलेखनाइतकेच महत्त्व या गोष्टींना द्यावे लागेल. वर्गातील विद्यार्थिसंख्या पाहता हे काम कष्टाचे आहे. म्हणून वर्षातून अनेक निबंध वरवर तपासण्यापेक्षा एकच निबंध दोनदा लिहवून घेणे अधिक उपयुक्त ठरेल.

समारोप

एकोणिसाव्या शतकातील मराठी निबंध हा साहित्यप्रकार म्हणून प्रतिष्ठा पावण्यापूर्वी शिकण्याचे व शिकविण्याचे साधन होता. १८५५ मध्ये एका शाळकरी मुलीने त्याच साधनाने प्रस्थापित व्यवस्थेला जाब विचारला. ज्या विद्यार्थ्याच्या घरात लेखनाची परंपरा नाही त्याला अलंकारिक भाषा चटकन साधत नाही, पण कारण विचारणे आणि कारण देणे त्याला शिकविता येते. ते न शिकविल्यास पदवी हाती येऊनही आपले म्हणणे मांडण्याचे साधन त्याच्यापासून दूरच राहते.