कॅथलिक समाज, आरंभीच्या अमेरिकेतील (१६३४–१८४४)

इंग्लंडच्या अमेरिकी वसाहतींत आणि पुढे स्वतंत्र झालेल्या संयुक्त संस्थानांत कॅथलिक अगदी थोडे होते. धर्मगुरू जॉन कॅरल यांनी १७८५ मध्ये रोमला पाठवलेल्या अहवालात मेरीलँडमधील कॅथलिकांची संख्या १५,८०० आणि पेनसिल्व्हेनियातील ७,००० दिली आहे. इतरत्र ते तुरळकच होते. एवढ्या लहान समाजाला नागरी हक्क मिळाले, याचे श्रेय सहसा सहिष्णुतेच्या तत्त्वाला दिले जाते. घटनाक्रम पाहता आधी राजकीय गरज निर्माण झाली आणि तत्त्व तिच्या मागून आले, असे दिसते.

मेरीलँडचा १६४९ चा धर्मविषयक कायदा याची साक्ष देतो. वसाहतीचे मालक सेसिल कॅल्व्हर्ट (दुसरे लॉर्ड बाल्टिमोर) कॅथलिक होते, पण बहुतेक वसाहतकरी प्रॉटेस्टंट. मालकाच्या धर्मबांधवांना संरक्षण हवे, तर ते सर्वच ख्रिस्ती पंथांना देणे भाग होते. त्रैक्य नाकारणाऱ्यास मात्र याच कायद्यात देहदंड होता. १६८९ च्या उठावात कॅल्व्हर्टांची सत्ता गेली आणि संरक्षणही फार टिकले नाही. १७०४ मध्ये उपासनेवर निर्बंध आले, १७१८ मध्ये मताधिकार गेला, १७५६ मध्ये कॅथलिकांच्या जमिनीवर दुप्पट कर बसला. जमीन मात्र त्यांच्याकडेच राहिली. सधन घराणी मुलांना शिक्षणासाठी गुपचूप फ्रान्समधील सेंट ओमेरला धाडत. अशाच एका घराण्यातील चार्ल्स कॅरल तिथेच शिकले. १७७३ मध्ये त्यांनी ‘फर्स्ट सिटिझन’ या नावाने गव्हर्नरच्या शुल्काविरुद्ध पत्रे लिहिली, तेव्हा त्यांना स्वतःला मतदानाचा हक्क नव्हता.

१७७४ मध्ये वसाहतींच्या काँग्रेसने ब्रिटिश जनतेला उद्देशून काढलेल्या पत्रकात कॅनडातील कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या क्वेबेक कायद्याच्या निमित्ताने कॅथलिक धर्मावर कडवट टीका होती. ब्रिटनविरुद्धच्या युद्धात कॅनडाची साथ हवीशी वाटताच सूर पालटला. नोव्हेंबर १७७५ मध्ये वॉशिंग्टन यांनी सैन्यात पोपचा पुतळा जाळायला मनाई केली. १७७६ मध्ये फ्रँकलिन यांच्या शिष्टमंडळाबरोबर जॉन व चार्ल्स कॅरल कॅनडाला गेले. त्याच वर्षी चार्ल्स यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. सही करणारे ते एकटेच कॅथलिक होते. १७७८ मध्ये कॅथलिक फ्रान्सशीच तह झाला.

केवळ गरजच होती, तर युद्ध संपल्यावर जुने निर्बंध परत का आले नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो वजनदार आहे. संघराज्याच्या घटनेतील सहाव्या कलमाने पदासाठी धर्माची अट ठेवायला मनाई केली, आणि त्या घटनेवर डॅनियल कॅरल व टॉमस फिट्‌झसिमन्स या कॅथलिकांच्या सह्या आहेत. परंतु हे कलम संस्थानांना लागू नव्हते. कॅथलिकांना अडवणारी शपथ न्यूयॉर्कमध्ये १८०६ पर्यंत होती. पदाधिकारी प्रॉटेस्टंटच हवा ही तरतूद नॉर्थ कॅरोलायनाने १८३५ मध्ये सोडली, तर न्यू जर्सीने संरक्षणाचा हक्क फक्त प्रॉटेस्टंटांना देणारी भाषा १८४४ मध्ये. मेरीलँडमध्ये परत मिळालेले हक्क टिकले, कारण तिथे जमीनदार कॅथलिक घराणी क्रांतीच्या नेतृत्वातच होती. तत्त्वाने या घराण्यांना बळ दिले हे खरे. पण ज्यांच्यापाशी जमीन नव्हती, त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाही. कॅरल यांच्या अहवालातील मेरीलँडच्या कॅथलिकांपैकी सुमारे ३,००० गुलाम होते. त्यांना ना मत होते, ना शपथ घेण्याचा प्रश्न. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलामांची लुइझियानाच्या मळेवाल्यांना विक्री केली.