इंजिनिअरिंगला इंग्रजी हवं, पण कशासाठी?

"इंग्रजी नाही, तर इंजिनिअरिंग नाही." पहिल्या वर्षाला हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. तांत्रिक शिक्षणाची भाषा हा माझ्या संशोधनाचा विषय. जुने कागद वाचले, की हे वाक्य तितकंसं खरं वाटत नाही.

१८२३ साली मुंबईत इंजिनिअर इन्स्टिट्यूशन निघाली. सरकारला मोजणी आणि बांधकामासाठी शिकलेली माणसं हवी होती. प्रमुख होते कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस. शिकवणं चालायचं मराठी आणि गुजरातीत. पुस्तकंच नव्हती, तेव्हा जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या मदतीने गणिताची पुस्तकं मराठीत आणली. म्हणजे भूमिती आपल्याकडे मराठीतून शिकवली गेली आणि ती शिकलेली मुलं कामालाही लागली.

मग इंग्रजीची ओढ कुठून आली? मुख्यतः नोकरीतून. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यायचं ठरवलं. पुढे मुंबईच्या शिक्षण मंडळात वाद पेटला: अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने, तर जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या. वरच्या शिक्षणात शेवटी इंग्रजीच टिकली.

मुंबई इलाख्याबाहेर, १८४७ साली सुरू झालेल्या रुरकीच्या कॉलेजात तर ही उतरंड उघडच दिसते. इंजिनिअर घडवणारा वर्ग इंग्रजीत, आणि हाताखालचे देशी सर्व्हेअर शिकणार उर्दूत. विषय जवळपासचे, पण भाषेवरून हुद्दा ठरायचा.

आता हे आजच्या वर्गात आणून बघा. मराठी माध्यमातून आलेला मुलगा व्हायव्हात गप्प बसतो, तेव्हा त्याला बीम कळलेला नसतो, की नुसतं वाक्य जुळत नसतं? आपण दोन्हीला एकच मार्क देतो. २०२१ पासून एआयसीटीईने मराठीतूनही इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आहे, पण मुलाखत बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच होते. त्यामुळे इंग्रजी शिकायला हवंच, यात वाद नाही.

तुम्ही शिकवत असाल तर एवढंच करा: आधी त्याला मराठीत समजावून सांगू द्या, मग तेच इंग्रजीत. डेटाशीट, रिपोर्ट, मुलाखत, इंग्रजी कुठे लागणार तेही दाखवा. "इंग्रजी येत नाही म्हणजे डोकं नाही" ही भीती मात्र घालू नका. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या वर्गाने ती कधीच खोटी ठरवली आहे.