आरशापासून हेडसेटपर्यंत : नसलेल्या पायाच्या वेदनेचा इतिहास

"डॉक्टरसाहेब, जो पाय कापला तोच दुखतोय. अंगठा कुणीतरी पिरगाळून धरल्यासारखा."

पडेगावच्या माझ्या दवाखान्यात मागे एक मामा आले होते. वय साठीच्या पुढे, मधुमेह जुना. गँगरीन झाल्यामुळे डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. जखम छान भरली होती, साखरही आटोक्यात होती, पण रात्रीची झोप गेली होती. मामींनी हळूच विचारले, "कुणी काही करणी तर केली नसेल ना?"

करणी नाही आणि वेडही नाही. या दुखण्याला वैद्यकशास्त्रात 'फँटम लिंब पेन' म्हणतात, म्हणजे नसलेल्या अवयवाची वेदना. हात किंवा पाय गमावलेल्या बहुतेकांना तो अवयव अजून जागेवर असल्यासारखा जाणवतो आणि त्यातल्या अनेकांना तो दुखतोही. आज दवाखान्यांत येऊ पाहणाऱ्या व्हर्च्युअल रिॲलिटीच्या चष्म्यांविषयी लोक मला विचारतात, तेव्हा मी या दुखण्यापासूनच सुरुवात करतो. डोळ्यांना वेगळे दृश्य दाखवून वेदना कमी करता येते, ही गोष्ट इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

वेदना जुनी, नाव नवे

सोळाव्या शतकात फ्रान्सचा लष्करी शल्यचिकित्सक आंब्रवाझ पारे याने लिहून ठेवले होते की, पाय कापलेले सैनिक पुढे कित्येक दिवस त्याच पायाच्या दुखण्याची तक्रार करतात. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी अशा अनेक सैनिकांना तपासले आणि १८७१ मध्ये 'फँटम लिंब' हे नाव वापरले.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धातील जखमी जवानांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९५५ मध्ये मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. अशा संस्थांमुळे अनेक लोक पुन्हा चालू लागले. पण लाकडाचा किंवा रबराचा पाय बसवला, तरी नसलेल्या पायाचे दुखणे थांबेलच असे नव्हते.

डॉक्टरांचा बराच काळ असा समज होता की, दोष कापलेल्या नसेच्या टोकाला आहे. म्हणून काही रुग्णांची नस, तर कधी उरलेला अवयवही पुन्हा थोडा कापला जाई. तरी वेदना अनेकदा परत येई.

मी केलेली चूक

नव्वदच्या दशकात मी नवशिका डॉक्टर होतो. कडबा कुट्टी यंत्रात हात गेलेला एक तरुण शेतकरी माझ्यासमोर बसून सांगत होता, "साहेब, मूठ आवळली गेलीय, उघडतच नाही." मी त्याला म्हणालो, "मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस." तो काही न बोलता उठून गेला. ते वाक्य मला आजही टोचते.

गंमत म्हणजे त्याच काळात याचे उत्तर सापडत होते. डॉ. विलयनूर रामचंद्रन यांचे वैद्यकीय शिक्षण चेन्नईच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजात झाले. पुढे ते कॅलिफोर्नियात काम करू लागले. हात गमावलेल्या रुग्णाच्या गालाला त्यांनी कापसाची काडी लावली, तेव्हा रुग्णाला तो स्पर्श गालावर आणि नसलेल्या हातावरही जाणवला. आपल्या मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो. त्यात हाताची जागा चेहऱ्याच्या जागेला लागून आहे. हात गेला तरी नकाशातली त्याची जागा पुसली जात नाही.

मग त्यांनी एक साधी पेटी केली. मध्ये उभा आरसा. चांगला हात आरशासमोर ठेवायचा, कापलेला आरशामागे. आरशात पाहिले की दोन्ही हात शाबूत दिसतात. चांगली मूठ उघडली की नसलेल्या हाताची मूठही उघडताना दिसते. काही रुग्णांची वर्षानुवर्षे आवळलेली मूठ अशा प्रकारे सुटली. आभासी वास्तव म्हणतात ते हेच, फक्त इथे संगणक नव्हता.

२००७ मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाय गमावलेल्या १८ जणांनी तो पूर्ण केला. पहिल्या गटाने आरशात पाहून व्यायाम केला, दुसऱ्याने झाकलेल्या आरशासमोर, तिसऱ्याने नुसत्या कल्पनेत. रोज १५ मिनिटे, ४ आठवडे. आरसा पाहणाऱ्या सहाही जणांची वेदना कमी झाली, झाकलेल्या आरशाच्या गटात फक्त एकाची.

मग संगणक कशाला?

डोक्यावर घालायचा संगणकी पडदा १९६८ मध्येच आयव्हन सदरलँड यांनी बनवला होता. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. १९९६ च्या सुमारास सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांवर हे तंत्र वापरायला घेतले. ड्रेसिंग बदलताना रुग्णाला हेडसेटमधून बर्फाच्या दरीत बर्फाचे गोळे फेकण्याचा खेळ दिला जाई. मन तिकडे गुंतले की वेदनेकडे द्यायला लक्ष कमी उरते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीसाठी एका व्हर्च्युअल रिॲलिटी उपचाराला परवानगी दिली.

आरशाला एक मोठी मर्यादा आहे, ती म्हणजे दुसरा अवयव शाबूत हवा. दोन्ही पाय गेलेल्याने आरशात काय पाहायचे? इथे ऑगमेंटेड रिॲलिटी कामी येते. तिच्यात समोरचे खरे दृश्य तसेच राहते आणि संगणक त्यात भर घालतो. स्वीडनमधल्या मॅक्स ओर्टिझ-कॅटलान यांच्या गटाने कापलेल्या हाताच्या उरलेल्या स्नायूंमधले विद्युत संकेत टिपले. रुग्ण नसलेला हात हलवायचा प्रयत्न करी आणि पडद्यावर स्वतःच्या शरीराला जोडलेला हात हलताना पाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १४ जुने रुग्ण होते. १२ सत्रांनंतर त्यांची वेदना सरासरी जवळपास निम्म्याने उतरली. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे ही पद्धत इतरांपेक्षा सरसच आहे असे म्हणता येत नाही.

तुम्ही काय करावे?

- कापलेल्या अवयवात दुखत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आधी जंतुसंसर्ग, नसेची गाठ आणि कृत्रिम पायाचे घर्षण ही कारणे तपासावी लागतात. यावर औषधेही आहेत.
- पायासाठी लांबट आरसा दोन्ही पायांच्या मध्ये आडवा उभा करावा. काच चांगल्या पायाकडे, कापलेला पाय आरशामागे. आरशात पाहत दोन्ही पाय एकाच वेळी हळूहळू हलवण्याचा प्रयत्न करावा. पहिल्यांदा हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.
- चक्कर आली, वेदना वाढली किंवा खूप रडू आले तर थांबा आणि डॉक्टरांशी बोला.
- फिट येण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नका.
- मधुमेह असेल तर उरलेला पाय रोज तपासा. एक पाय गेलेल्याचा दुसराही धोक्यात असतो.

मामांना मी आरसाच सांगितला. नातवाने घरातल्या कपाटाचा जुना आरसा काढून दिला. महिनाभराने ते आले, तेव्हा दुखणे पूर्ण गेले नव्हते, पण रात्री झोप लागत होती. मामी म्हणाल्या, "आरशात पाय पाहून पहिल्या दिवशी हे रडले, मग हसले." हेडसेट आपल्या भागात येतील तेव्हा येतील. तोवर घरात कुणी नसलेला हात किंवा पाय दुखतो म्हणाले, तर त्यांच्यावर विश्वास ठेवा. मी त्या तरुणाला जे म्हणालो, ते तुम्ही म्हणू नका.