मध्ययुगीन इंग्लंडवरील कुमार कादंबरी : साहस, रहस्य आणि इतिहासदृष्टी

प्रास्ताविक

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक साहसकथेकडे इतिहासाचा अभ्यासक सहसा करमणुकीचे वाङ्मय म्हणून पाहतो. तथापि अनेकांच्या मनात मध्ययुगाचे पहिले चित्र उमटते ते अशाच कथांतून. म्हणून या कथा कोणाला नायक ठरवतात आणि कोणाला पडद्याआड ठेवतात, हा प्रश्न इतिहासदृष्टीशी निगडित आहे. प्रस्तुत निबंधात मध्ययुगीन इंग्लंडवरील तीन कादंबऱ्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

वारसदाराचे रहस्य

वॉल्टर स्कॉट यांच्या ‘आयव्हॅन्हो’ने (१८१९) किल्ला, शस्त्रस्पर्धा आणि अरण्यातील बंडखोर यांचा साचा रूढ केला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची ‘द ब्लॅक ॲरो’ ही कादंबरी याच परंपरेतील होय. ती १८८३ मध्ये ‘यंग फोक्स’ या साप्ताहिकातून टोपणनावाने क्रमशः प्रसिद्ध झाली व १८८८ मध्ये ग्रंथरूपाने आली. गुलाबांच्या युद्धांच्या (१४५५–१४८७) पार्श्वभूमीवर डिक शेल्टन हा तरुण आपल्या पित्याचा मारेकरी शोधतो आणि संशय त्याच्या पालकावर, सर डॅनियल ब्रॅकलीवर, येऊन ठेपतो.

या रहस्याचे मूळ एका सरंजामी संस्थेत आहे. अज्ञान वारसाचे पालकत्व ज्याच्या हाती, त्याच्याकडे वारसाच्या जमिनीचे उत्पन्न जाई आणि त्याचा विवाह ठरवण्याचा अधिकारही येई. असे पालकत्व ही विकण्याजोगी मालमत्ता होती. त्यामुळे डिकच्या पित्याचा खून आणि जोॲना सेडलीचे अपहरण या दोन्ही घटना एकाच व्यवस्थेची फळे ठरतात. कालक्रमात मात्र स्टीव्हन्सन यांनी मोकळीक घेतली आहे. १४५२ मध्ये जन्मलेला रिचर्ड येथे लढवय्या सरदार म्हणून वावरतो. कथेच्या काळी तो प्रत्यक्षात बराच लहान असता, ही कबुली लेखकाने स्वतःच तळटीपेत दिली आहे.

या कादंबरीतील सर्वांत अर्थपूर्ण पात्र मात्र दुय्यम आहे. जोॲनाच्या सुटकेसाठी डिक आर्ब्लास्टर या वृद्ध नावाड्याचे जहाज पळवतो आणि ते वादळात नष्ट होते. पुढे डिक रिचर्डची मर्जी गमावून त्याचे प्राण वाचवतो, परंतु जहाज आणि सोबती गमावलेल्या त्या वृद्धाला या उपकाराचे मोल वाटत नाही. नायकाच्या साहसाची किंमत सामान्य माणूस मोजतो, हे सत्य कादंबरी क्षणभर उघड करते आणि पुन्हा वारसदाराकडे वळते.

कुळवाड्याचा प्रवेश

जेफ्री ट्रीझ यांनी ‘बोज अगेन्स्ट द बॅरन्स’ (१९३४) मध्ये हा केंद्रबिंदू हलवला. राजाचे हरीण मारून अरण्यात पळालेला डिकन हा शेतकऱ्याचा मुलगा येथे नायक आहे. रॉबिन हूड हा राजनिष्ठ सरदार न राहता सरंजामदारांविरुद्ध उठलेल्या गरिबांचा नेता बनतो. या मांडणीवर १९३० च्या दशकातील वर्गसंघर्षाच्या विचारांची छाप स्पष्ट आहे. रॉबिनच्या तोंडची भाषा मध्ययुगापेक्षा त्या दशकाची अधिक वाटते. तरीही कष्टकऱ्यांना इतिहासाचे कर्ते मानण्याची दृष्टी कुमार वाचकापर्यंत पोहोचवण्याचे श्रेय या कादंबरीला द्यावे लागते.

भूदासाचे रहस्य

अमेरिकन लेखक आव्ही यांच्या ‘क्रिस्पिन : द क्रॉस ऑफ लेड’ (२००२) या कादंबरीत दोन्ही प्रवाह एकत्र येतात. तिला २००३ चे न्यूबेरी पदक मिळाले. कथेचा काळ १३७७ आहे, म्हणजे महामारीनंतर सुमारे तीन दशकांचा आणि १३८१ च्या शेतकरी उठावापूर्वी चार वर्षांचा. आई वारल्यानंतर तेरा वर्षांच्या भूदास मुलाला ‘लांडग्याचे शिर’ ठरवले जाते. याचा अर्थ असा की, त्याला कोणीही ठार मारू शकतो. आईच्या शिशाच्या क्रुसावर काही अक्षरे कोरलेली आहेत, पण ती त्याला वाचता येत नाहीत. निरक्षरता हीच येथे रहस्याची किल्ली आहे. स्वतःच्या जन्माचा पुरावा गळ्यात असूनही त्याचा अर्थ दुसऱ्याच्या हाती असणे, ही भूदासाची स्थितीच त्यातून व्यक्त होते.

तो एका सरदाराचा अनौरस पुत्र आहे, असा उलगडा अखेर होतो. जुन्या साच्यात येथे वारसाहक्क मिळाला असता. क्रिस्पिन मात्र आपला मित्र बेअर याच्या सुटकेसाठी तो हक्क सोडतो. या निर्णयात आधुनिक स्वातंत्र्यकल्पनेचा अंश आहे, हे नाकारता येत नाही. परंतु शहरात वर्ष आणि एक दिवस राहिलेला भूदास मुक्त होई, हा तत्कालीन संकेतही कादंबरीत येतो. त्यामुळे मुक्तीची आकांक्षा सर्वस्वी उसनी ठरत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, रहस्याची रचना इतिहासाच्या अध्ययनाला परकी नाही. पुरावा शोधणे, साक्षीवर शंका घेणे आणि सत्य दडवण्यात कोणाचे हित आहे हे विचारणे ही दोहोंची समान रीत आहे. मात्र या कादंबऱ्या मध्ययुगाचा पुरावा म्हणून नव्हे, तर १८८३, १९३४ आणि २००२ या काळांनी मध्ययुगाला विचारलेले प्रश्न म्हणून वाचल्या पाहिजेत. वर्गात त्यांचा उपयोग करताना नायक कोण यासोबत जहाज कोणाचे बुडाले, हेही विद्यार्थ्याला विचारता आले, तर साहसकथेचे वाचन इतिहासाच्या अध्ययनाचा आरंभ ठरू शकते.